पाटी, पर्स आणि पावलं

रात्रीचं जेवण झालं की शतपावली घालायची, हा मराठी घरातला आरोग्याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त सल्ला. चाळीच्या गॅलरीत तो पाळला गेला, आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उभ्या गाड्यांच्या मधून वाट काढत पाळला जातो. हिशेब मांडला तर मात्र हसू येतं. सत्तर किलो वजनाच्या बाईची शंभर पावलं म्हणजे साठ-पासष्ट मीटर. तेवढ्यासाठी शरीर जेमतेम दोन-अडीच कॅलरी जादा खर्चतं. विलेपार्ल्यात १९२९ साली सुरू झालेल्या कारखान्यानं घराघरांत पोचवलेल्या पार्ले-जीच्या एका बिस्किटात पंचवीसच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे चहात बुडवलेलं एक बिस्कीट फेडायला हजारभर पावलं. पण शतपावली सांगणाऱ्यांना पचनाशी मतलब होता, वजनाशी नव्हता. दिवसभराचं चालणं बायकांच्या कामातच मुरलेलं होतं. ते वेगळं काढून मोजावं, असं कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

मुंबईच्या उपनगरांची गोष्टही अशा चालण्यापासूनच सुरू होते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावं ज्या साष्टी बेटावर आहेत, ते बेट आणि मुंबई यांच्यामध्ये माहीमची खाडी होती. १८४५ पर्यंत ती होडीनं ओलांडावी लागे. त्या खाडीवर बांध घालायला दीड लाखाहून अधिक रुपये दिले ते जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी, आणि अट घातली की ये-जा करणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. पश्चिमेकडच्या उपनगरांना मुंबईशी जोडणारा पक्का रस्ता असा एका बाईच्या पैशानं झाला आणि पायी जाणाऱ्यांनाही तो फुकट वापरता आला. पुढे १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८६७ मध्ये विरारकडून मुंबईकडे लोकल सुरू झाली. तरी स्टेशनपर्यंत पोचायचं ते पायांनीच.

वेसाव्याच्या कोळणी हे त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मावऱ्याची पाटी, आणि वेसाव्यापासून अंधेरीपर्यंतची चार-पाच किलोमीटरची वाट. ही वाट रमतगमत कापता येत नाही, कारण ऊन चढलं की मासळीचा भाव उतरतो. म्हणून कोळणीची चाल धड चालणंही नाही आणि धड पळणंही नाही. गुडघे किंचित वाकलेले, मान स्थिर, कमरेखाली सगळी लगबग. तिचं लुगडंही या चालीला साजेसं, गुडघ्यापर्यंत, काष्टा घट्ट मारलेलं, पाऊल मोकळं टाकता येईल असं. मध्यमवर्गीय बाई नऊवारी सोडून गोल पाचवारी नेसू लागली, तेव्हा ती आधुनिक झाली असं सगळे म्हणाले. तिचं पाऊल मात्र वीतभर आखूड झालं. या बदलाची दखल कुणी फारशी घेतलेली नाही.

डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या बायकांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं ते बरंच उशिरा. दत्ता आणि रामनाथन या भारतीय संशोधकांनी १९७१ मध्ये ओझं वाहण्याच्या सात पद्धती तपासल्या. पुढे आणि मागे निम्मं-निम्मं ओझं वाटणं सगळ्यात हलकं पडलं, त्याच्या खालोखाल डोक्यावरचं, आणि दोन्ही हातांत पिशव्या लोंबकळवत नेणं सगळ्यात महाग. (भाजी बाजारातून दोन हातांत दोन पिशव्या घेऊन येणाऱ्या समस्त उपनगरवासी बायकांनी याची नोंद घ्यावी.) १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा एक निबंध आला आणि खळबळ उडाली. या बायका स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावर किंवा कपाळाला पट्टा लावून पाठीवर घेऊन चालत आणि त्यांचा ऊर्जाखर्च रिकाम्या चालण्याइतकाच राही. नंतरच्या काही प्रयोगांत इतर गटांमधल्या बायकांना अशी फुकटची सवलत मिळालेली दिसली नाही, त्यामुळे या चमत्काराला मर्यादा आहेत. शिवाय पन्नास किलोच्या कोळणीला वीस टक्के म्हणजे दहा किलो. मासळीची भरलेली पाटी तिथे थांबत नाही.

बोरिवलीच्या जंगलातल्या वारली बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरत आणि बाजारात विकून पुन्हा चढत. मुलुंडची गोष्ट वेगळी. १९२२ च्या सुमारास तिथे काटकोनात रस्ते आखून रीतसर वसाहत झाली. स्टेशन, बाजार, शाळा, देऊळ असं सगळं पायी अंतरात ठेवलेलं, जुन्या उपनगरांचा सांगाडाच तसा होता. सगळी उपनगरं १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत महापालिकेत आली. नागरी सोयी यायला मात्र आणखी वेळ लागला. तोवर घरातल्या बाईचे पाय हीच पाइपलाइन होती.

हे केवळ अलंकारिक बोलणं नव्हे. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव पडलं ते वस्त्यांमध्ये पाणी यावं म्हणून केलेल्या लढ्यामुळे. हंडा भरला की पंधरा-वीस किलोचा होतो आणि दिवसाला एका हंड्यावर कुणाचंच भागत नाही. १९७२ मध्ये मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. बायकांच्या चालण्याचा इतिहास लिहायचा तर मोर्च्यातलं चालणंही धरायला हवं. एरवी ज्या बायका बाजारापलीकडे एकट्या जात नसत, त्या मैलोन्‌मैल घोषणा देत गेल्या.

याच काळात सकाळचं एक निराळं चालणं रुळलं होतं. गोरेगावच्या माळावर १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहू लागली, १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं आणि उपनगरांत आरेची दूधकेंद्रं आली. हातात कार्ड आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या घेऊन उजाडायच्या आत रांगेत उभं राहणं हा दोन पिढ्यांचा नित्यक्रम. त्याला मॉर्निंग वॉक म्हणावं, असं कुणाला सुचलं नाही.

पळणं मात्र स्टेशनानं शिकवलं. नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या वाढत गेली, लेडीज डबे अपुरे पडू लागले आणि ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेनं चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांसाठीची संपूर्ण गाडी सोडली, लेडीज स्पेशल. त्या काळातल्या बोरिवलीकर किंवा घाटकोपरच्या बाईचा सकाळचा आराखडा पाहिला तर आज जिममधले प्रशिक्षक ज्याला ‘इंटरव्हल’ म्हणतात तो हाच. दहा मिनिटं झपझप चालणं, पुलाचे जिने, इंडिकेटर पाहून काळजात धस्स, शेवटचे शंभर मीटर पळणं आणि मग गर्दीत दांडीला लटकून उभं राहणं. खांद्याला पर्स, पर्समध्ये डबा आणि मिळालीच बसायला जागा तर निवडायला मटारच्या शेंगा. पंजाबी ड्रेस नोकरदार मराठी बायकांनी इतक्या झटपट आपलासा केला, त्यात फॅशनइतकाच या शंभर मीटरचाही वाटा असावा.

त्या शंभर मीटरचा खर्च किती? पळण्याचं गणित इटलीच्या मिलान शहरातल्या रोडोल्फो मार्गारिया यांनी १९६३ मध्ये सोपं करून ठेवलं. माणूस सपाट जमिनीवर पळतो तेव्हा दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते आणि हळू पळा की जोरात, किलोमीटरमागचा हा आकडा फारसा हलत नाही. म्हणजे ऐंशी किलोच्या बाईनं गाडीसाठी मारलेली शंभर मीटरची धाव आठ कॅलरींची. बिस्किटाचा एक तृतीयांश तुकडा.

चालण्याचा भाव याच्या निम्म्याच्या आसपास असतो. असं का, याचं उत्तर मार्गारिया यांचे शिष्य जोव्हान्नी कावान्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. केनियातल्या बायकांवरच्या त्या निबंधातही कावान्या होतेच. चालताना शरीर उलट्या लंबकासारखं हलतं. टेकलेल्या पायावरून धड वर जातं, पुढे झुकतं, खाली येतं, आणि खाली येताना मिळालेला वेग पुढच्या पावलाला वर चढवायला कामी येतो. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं परत मिळतं. पळताना ही देवघेव बंद पडते. दर पावलाला सगळं शरीर हवेत फेकायचं आणि झेलायचं. स्नायू आणि कंडरा स्प्रिंगसारखा काही भाग परत देतात, पण तरी घाटा मोठाच. चालण्याचा वेग तासाला सात-साडेसात किलोमीटरच्या पुढे रेटला तर मात्र लंबकाचं गणित बिघडतं आणि चालणं पळण्याइतकंच महाग पडायला लागतं. त्या सीमेवर माणूस आपोआप पळू लागतो. शिकवावं लागत नाही. कोळणीची ती लगबगीची चाल या सीमेच्या आसपासचीच दिसते, फरक इतकाच की डोक्यावर पाटी असताना उडी मारणं परवडत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हे सगळं चालणं कामापासून सुटं झालं. नळ घरात आले, दूध पिशवीत आलं, रिक्षा दारात आली, मिक्सरनं पाटा-वरवंटा आणि वॉशिंग मशीननं धोपटणं बाद केलं. १९९०च्या दशकात उपनगरांत एक नवी गोष्ट उगवली, निव्वळ चालण्यासाठी चालायची जागा. वांद्र्याला समुद्रकाठच्या कचऱ्याच्या जागेवर हॉकी प्रशिक्षक ऑलिव्हर आंद्राद यांच्या पुढाकारानं १९९० मध्ये जॉगर्स पार्क झालं. त्याचं नाव इतकं प्रसिद्ध झालं की २००३ मध्ये त्या नावाचा हिंदी सिनेमा आला. अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांना गोळा करून हसण्याचा वर्ग सुरू केला. जगभर पसरलेल्या लाफ्टर क्लबांचा जन्म असा उपनगरातल्या सकाळच्या फेरफटक्यात झाला. अंधेरी आणि मुलुंडच्या क्रीडासंकुलांत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पास काढून चालणाऱ्यांची गर्दी होऊ लागली.

या गर्दीत बायका मोठ्या संख्येनं होत्या, त्याला आणखी एक कारण होतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं. त्यातलं निरीक्षण मार्मिक आहे. या शहरात बाई रस्त्यावर असायला हरकत नाही, पण ती कशासाठी तरी असायला हवी. उगाच उभी राहिलेली बाई संशयास्पद. वजन कमी करायचंय, डॉक्टरांनी सांगितलंय, हे कारण बिनतोड निघालं. पांढरे बूट हा सकाळी साडेपाचला एकटीनं घराबाहेर पडायचा परवाना ठरला.

वजन खरोखरच वाढत होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातल्या १२.६ टक्के बायका जादा वजनाच्या होत्या, २०१९-२१ मध्ये हा आकडा २४ टक्क्यांवर गेला. शहरांत तो याहून बराच जास्त. त्यात आपल्याकडची एक मेख पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका छायाचित्रानं दाखवून दिली. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर ओढावी, असं २००९ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलं, त्यामागे असंच संशोधन होतं. ही रेषा लागू केली की उपनगरातल्या कुठल्याही भिशीत निम्म्याजणी तरी तिच्या पलीकडे निघाव्यात.

अशा बाईनं चालावं की पळावं? २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या जीवनशैलीची लाट आली तेव्हा या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळालं. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. हा वेग तासाला सहा किलोमीटरचा, म्हणजे बऱ्यापैकी झपाट्याचा. सत्तर किलोच्या बाईला व्यायामशास्त्रातलं रूढ सूत्र लावलं तर या चालण्यानं साधारण १५५ ते १६० कॅलरी जादा खर्च होतात. तेच साडेचार किलोमीटर ती पळाली तर ३१५. दुप्पट खर्च आणि वेळही दहा मिनिटांनी वाचतो. कागदावर पळणं सरळ जिंकतं.

पण कागदाला धाप लागत नाही. तासाला आठ किलोमीटर हा पळण्यातला अगदी सौम्य वेग, तरी त्यासाठी दर किलो वजनामागे मिनिटाला तीस मिलिलिटर प्राणवायू लागतो. व्यायामाची सवय नसलेल्या लठ्ठ बाईची कमाल क्षमता बरेचदा पंचवीसच्या आसपासच असते. म्हणजे प्रश्न आळसाचा किंवा जिद्दीचा नाही. खात्यात पंचवीस रुपये असताना तीसचा चेक वटत नाही. ती दोन मिनिटं पळते आणि थांबते, आणि बघणारे म्हणतात, मनच नाही तिचं.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या रे ब्राउनिंग आणि रॉजर क्रॅम यांनी २००५ मध्ये लठ्ठ आणि सडपातळ बायकांना वेगवेगळ्या वेगांनी चालवून पाहिलं. लठ्ठ बायका मुद्दाम सावकाश चालत असतील, ही सगळ्यांची अटकळ. ती खोटी ठरली. मोकळं सोडल्यावर दोन्ही गट जवळजवळ सारख्याच वेगानं, तासाला पाच किलोमीटरच्या आसपास, चालले. तो वेग अंतरामागे सगळ्यात कमी खर्चाचा होता आणि शरीरानं तो बरोबर हेरला होता. फरक होता तो आतल्या कष्टात. त्याच चालीसाठी सडपातळ बायकांना आपल्या क्षमतेचा ३६ टक्के भाग वापरावा लागत होता, लठ्ठ बायकांना ५१ टक्के. बागेत दोन मैत्रिणी गप्पा मारत बरोबर चालतात आणि एकीलाच घाम फुटतो, त्याचं कारण या दोन आकड्यांत आहे. जी दमते ती जास्त काम करत असते. पाटी स्टेशनवर उतरवता येते, हे वजन बाकावर काढून ठेवता येत नाही.

सांध्यांचा हिशेब आणखी कडक. चालताना दर पावलाला जमिनीकडून येणारा जोर वजनाच्या सव्वापटीच्या आसपास राहतो, पळताना तो दोन-तीन पट होतो. ऐंशी किलोच्या बाईच्या एका पायावर क्षणभर दोनशे किलो. उलट वजन थोडं उतरलं तरी गुडघ्याला मिळणारा दिलासा मोठा असतो. अमेरिकेतल्या स्टीफन मेसियर यांच्या २००५ च्या अभ्यासात एक किलो घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी झाला. ब्राउनिंग यांच्या पुढच्या प्रयोगांतून तिसराच पर्याय पुढे आला. सपाटीवर झपझप चालण्यापेक्षा चढावर सावकाश चाललं तर खर्च तेवढाच होतो आणि गुडघ्यावरचा भार घटतो.

तरीही बायका पळू लागल्या, आणि ते या आकड्यांवरून समजणार नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये आठशे मीटर पळून आलेल्या बायका दमलेल्या दिसल्या म्हणून ती शर्यतच बायकांना बंद झाली, ती १९६० पर्यंत. मधल्या काळात, १९५२ मध्ये, वांद्र्याची मेरी डिसूझा हेलसिंकीला शंभर आणि दोनशे मीटर धावून आली. उपनगरातल्या या धावपटूचं नाव आज तिच्या गल्लीबाहेर किती जणांना आठवतं? २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि तिच्यातल्या ड्रीम रननं हौशी माणसांना रस्ता दिला. २०१२ मध्ये मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी फक्त बायकांसाठी पिंकॅथॉन सुरू केली. तिथे साडीत, नऊवारीत, हिजाबमध्ये, पाठीवर तान्हं मूल घेऊन बायका आल्या. कुणाची वेळ किती लागली याची फारशी चौकशी नव्हती. आणि बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत, अनवाणी पळून जिंकल्या ते नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावरच्या मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. कोळणीची पाटी आणि लताबाईंची धाव एकाच जातीची. पायांनी घर चालवायचं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुख्य दरवाजापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा रस्ता जातो. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या शिलालेखांत कल्याणसारख्या गावांतून आलेल्या दात्यांची नावं आहेत, भिक्षुणी आणि गृहिणीही त्यांत आहेत. त्याही हा डोंगर पायीच चढल्या असणार. आज पहाटे दरवाजा उघडला की बोरिवली-कांदिवलीच्या बायका घोळक्यानं आत शिरतात. कुणाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, कुणाच्या ओढणीच्या गाठीत घराची किल्ली. समोरून उद्यानातल्या नवापाड्याच्या बायका काकड्या आणि बोरं विकायला घेऊन येत असतात, पाटी डोक्यावर. लेण्यांपर्यंत जाणाऱ्या थोड्याच. चढावर बोलणं थांबतं, पावलं जड होतात. परतताना उतार लागला की कॉलेजातल्या मुली पळत सुटतात, वळणापलीकडे दिसेनाशा होतात. त्यांच्या आया मागून येतात, तासाला पाच किलोमीटरनं, गप्पा न तोडता.